कानसेनांचा उजवा कान

गाता आलं नाही तर निदान ऐकता तरी यावं, तानसेन नाही तर कानसेन तरी व्हावं, असं म्हणायची पद्धत आहे. पण ते म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना ऐकण्याचा पगार मिळतो? आपल्या माणसाला मिळत होता, म्हणून कारखान्यात त्यांना कानसेन म्हणत. नाव ठेवलं होतं थट्टेनं. त्यांनी मात्र ते पदवीसारखं घेतलं, आणि पुढे पुढे तर खऱ्या नावानं कोणी हाक मारली की ते मान वळवेनासे झाले.

कारखाना म्हणजे काही धुराडं असलेला कारखाना नव्हे. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर चार खोल्या. खाली यंत्रं सुरू झाली की वरच्या कपबशा खुळखुळत. इथे स्टेजवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी कानात घालायचे मॉनिटर बनत. आपण बसमध्ये कानात कोंबतो तो इअरफोन म्हणजे यांचा गरीब चुलतभाऊ. मॉनिटरचं कवच कानाच्या वळणात नेमकं बसतं, आत तांदळाच्या दाण्याएवढे स्पीकर असतात, आणि पुढे आलेल्या नळीच्या टोकाला एक मऊ रबर असतं, ते कानाच्या भोकात जाऊन बाहेरचा गोंगाट बंद करतं. किंमत ऐकली की गिऱ्हाईक आधी खुर्ची शोधायचं.

मॉनिटर पास की नापास, हे कानसेन ठरवत. आधी कानाचं सुख, मग आवाज, असा त्यांचा क्रम. ‘जो जोडा पायाला चावतो त्याच्या पॉलिशचं कौतुक कोण करणार?’ असं ते म्हणत, आणि हे त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. नवा संच, म्हणजे मॉनिटरची जोडी, कानात घालून ते सकाळभर वावरत. गाजरं चावत. जांभया देत, येत नसल्या तर आणत. जिना धडाधडा उतरत आणि वर येताना धाप लागली की तिचा दोषही संचाच्या माथी मारत. टेबलावर गाल टेकून एका कुशीवर पडत, तेव्हा नव्या गिऱ्हाइकाला वाटे की माणूस कामावर झोपलाय. हसणं हीसुद्धा एक परीक्षा होती, कारण हसताना कानाचं भोक हलतं. पण कानसेनांना आपणहून हसू येत नसे. मग कोणीतरी विनोद सांगायचा, आणि विनोदच नापास झाला तर परीक्षा दुसऱ्या दिवसावर जायची.

मग आवाज. त्यासाठी त्यांचं एकच ठरलेलं गाणं होतं. मोठ्या सभागृहात चाळीसेक माणसं मिळून संथ काहीतरी गाताहेत, शब्द एकाचाही कळत नाही. गाण्याच्या मध्यावर सगळे एकदम श्वास घ्यायला थांबतात, आणि त्या फटीत उजवीकडच्या मागल्या रांगेत कोणीतरी हळूच खोकतं. दाबलेला, ओशाळलेला खोकला. स्वस्त इअरफोनात तो नसतोच. बऱ्यापैकी संचात काहीतरी वाजतं, पण माणूस की खुर्ची ते कळत नाही. संच उत्तम असला की खोकला स्वच्छ येतो, माणूस भिंतीशी उभा आहे हे कळतं, आणि कानसेनांचं ऐकाल तर त्याला अंगात कणकण आहे की नाही हेही कळतं. त्यामुळे कारखान्यात संच चांगला झाला का असं कोणी विचारतच नसे. ‘खोकला आला का?’ असं विचारत, आणि नव्यानं कामाला लागलेली माणसं दोन दिवस तोंडाला रुमाल बांधून येत.

आता साचेताई. त्या रबरं करत. खिडकीपाशी त्यांचं टेबल; तिथे सिलिकॉन कालवून बारीक बारीक साच्यांत ओतत बसायच्या. बाई मोजकं बोलणाऱ्या. दर परीक्षेनंतर त्यांचा एकच प्रश्न असायचा, ‘टोचलं का, दादा?’ आणि कानसेनांचं उत्तरही एकच, ‘थोडं टोचलं.’ कारण टोचलं नाही असं म्हटलं तर परीक्षकाला कोण विचारणार? साचेताई साचा घासायला घेत. आजवरची सगळी रबरं कानसेनांच्या कानांवरून बेतलेली होती, आणि देशोदेशींच्या गायकांच्या कानांत आपल्या कानाचा आकार बसलाय या विचारानं त्यांना गाढ झोप लागत असे.

यंदा साचेताईंनी वेगळंच केलं. त्यांनी कारखान्यातल्या प्रत्येकाच्या कानाचं माप घेतलं, खाली जाऊन छापखान्यातल्यांचं घेतलं, चहा देणाऱ्या मावशींचंही सोडलं नाही, आणि त्यावरून एक नवं रबर ओतलं. इतकं पातळ की टेबलावर ठेवलं तर पंख्याच्या वाऱ्यानं सरकायचं. मालकांनी सांगून ठेवलं होतं की हे पास झालं तर नव्या महागड्या संचाला हेच लावू. नापास झालं तर यापुढे रबरं बाहेरून विकत आणू आणि साचे बंद करून टाकू. साचेताई मान हलवून कामाला लागल्या होत्या. आणि या सगळ्यात कानसेनांना कोणी काही विचारलंच नव्हतं. घोडं पेंड खात होतं ते इथे. रबरात खोट होती का? मुळीच नव्हती. पण मागून आलेली माणसं आपल्याला न विचारता शहाणी झालेली कोणाला खपतात?

परीक्षेच्या दिवशी कानसेनांनी गाजर अर्ध्यावरच टाकलं.

‘टोचतं,’ ते म्हणाले, आणि तारेला हिसका देऊन दोन्ही मॉनिटर कानांतून ओढून काढले. मग त्यांचं लक्ष गेलं. उजव्या नळीच्या टोकाला रबर नव्हतं. ‘घ्या. आणि टिकतही नाही. पडलंसुद्धा कुठेतरी.’

शोध सुरू झाला. टेबलं सरकवली, केरसुणी आली, चुंबक आणला आणि रबराला चुंबक लागत नाही हे आठवून परत नेला. साचेताई गुडघ्यांवर बसून कपाटाखाली हात घालत होत्या आणि कानसेन वर उभे राहून ‘तिकडे बघा, त्या कोपऱ्यात’ असं सांगत होते. ते रबर कुठे होतं हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा काखेच्या जरा वर होता इतकंच. पण ज्याला अख्खा कारखाना कानसेन म्हणतो त्याच्या कानात डोकावायचं कोणाला सुचणार? त्यांना स्वतःलाही सुचलं नाही. रबर सापडलं नाही, नापास मात्र झालं.

दुसऱ्या दिवशी खोकला गेला.

कानसेनांनी गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं. सगळे श्वास घ्यायला थांबले, आणि फटीत काही नाही. ‘उजवी बाजू मेलेली आहे,’ ते म्हणाले आणि संच नापास केला. दुसरा लावला. त्याचीही उजवी बाजू मेलेली. शिवाय तो उजवीकडे नीट आतही जाईना. ‘कवच लांब केलंय कोणीतरी,’ असं म्हणून त्यांनी तोही बाजूला ठेवला. आठवडाभरात नापास संचांची रास झाली आणि जोडणी करणारी माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. नाचता येईना अंगण वाकडं, हे सगळ्यांच्या मनात होतं, पण बोलणार कोण? शेवटी मालकांनी स्वतः एक संच कानात घातला, गाणं लावलं आणि म्हणाले, ‘कानसेन, मला तर खोकला आला.’

‘तुम्हाला आला असेल,’ कानसेन म्हणाले. ‘तुमचं ऐकणं वेगळं.’

पगार देणाऱ्याला असं बोलायचं नसतं. मालक हसले, आणि ते हसणं काही बरं नव्हतं. दोन दिवसांनी एक विक्रेता पेटी घेऊन आला. पेटीत रबराचा एक कान होता, हुबेहूब माणसाचा, आत माईक बसवलेला. मॉनिटर त्यात खोचला की पडद्यावर रेघ उमटायची आणि कोणत्या बाजूला किती आवाज आहे ते दिसायचं.

‘हा कुरकुरत नाही,’ विक्रेता म्हणाला. ‘रजा घेत नाही.’

‘याला टोचलेलं कळतं का?’ साचेताईंनी विचारलं.

‘नाही, ते नाही कळत.’

त्यांच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मालकांनी पेटी आठवडाभरासाठी ठेवून घेतली आणि जाहीर केलं की सोमवारी नापास झालेले सगळे संच कानसेनांनी आणि पेटीनं पुन्हा तपासायचे, सगळ्यांसमोर. पेटी बरोबर ठरली तर पेटी राहील. कानसेनांचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचा धीर कानसेनांना झाला नाही.

कारण आता त्यांना खरं कळून चुकलं होतं. संच ठीक होते. कान गेला होता. टेलिफोन उजवीकडे लावला की पलीकडचा माणूस रजईत शिरून बोलतोय असं वाटे. रस्ता ओलांडताना उजवीकडच्या गाड्या अचानक उगवत. ते लोकांच्या उजव्या बाजूला बसू लागले, डावा कान पुढे करून चालू लागले, आणि बायकोला वाटलं की यांची मान आखडलीय, म्हणून तिनं रोज तेल चोळायला सुरुवात केली. ते मुकाट्यानं चोळून घेत. सांगणार काय? डोळे गेलेला रखवालदार आणि कान गेलेला कानसेन, दोघांना घरीच बसावं लागतं. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. सुतारकाम येत नव्हतं, हिशेब येत नव्हता, गोडही बोलता येत नव्हतं. उभ्या आयुष्यात एक गोष्ट येत होती, आणि ती उजवीकडून गळून चालली होती. त्यांना फार भीती वाटत होती.

घरी सासूबाई होत्या. लेकीकडे राहायला आल्या होत्या त्याला बरीच वर्षं झाली. कानाला मशीन लावत. कानसेनांनी त्या मशीनची आजवर केली नाही अशी थट्टा उरली नव्हती. ‘आई, तुमच्या मशीनमध्ये बातम्या लागतात का?’ असं ते रोज नव्यानं विचारायचे, आणि सासूबाई मशीन काढून डबीत ठेवायच्या, म्हणजे विषय संपायचा.

रविवारी दुपारी सासूबाई कोचावरच आडव्या झाल्या होत्या, मशीन डबीत होतं. कानसेनांनी हळूच डबी उघडली. त्यांना एवढंच पाहायचं होतं की मशीन लावल्यावर खोकला येतो का. आला तर केसांआड लपवून सोमवार निभावता येईल, असा बेत. केस फारसे नव्हते ही गोष्ट त्यांनी हिशेबात धरली नव्हती. ते न्हाणीघराकडे निघाले तोच बायको समोर आली, आणि त्यांनी मशीन तसंच चालू ठेवून खिशात कोंबलं.

आता या मशीनचं असं असतं, की ते चालू असताना मुठीत नाहीतर खिशात दाबलं की शिट्टी मारतं. कानसेनांना शिट्टी ऐकू आली. बहिरेपणाची सुरुवात कानात शिट्ट्या वाजून होते असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे आता डावाही निघाला.

‘शिट्टी कसली येतेय?’ बायकोनं विचारलं.

‘कसली शिट्टी? मला तर काही ऐकू येत नाही,’ ते घाईघाईनं म्हणाले.

बायकोनं गॅस पाहिला, फ्रिज पाहिला, खिडकीबाहेर डोकावून पाहिलं. कानसेन घामाघूम होऊन खुर्चीत बसले होते. शेवटी ती त्यांच्यापाशी येऊन थांबली.

‘अहो, तुमचा खिसा वाजतोय.’

चोरी मुद्देमालासकट पकडली गेली. एव्हाना सासूबाई उठून बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, मशीन घेतलं, कानात लावलं आणि जावयाकडे पाहिलं. थट्टा नाही, सबब नाही, नुसता पडलेला चेहरा. हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

‘आई, मी बहिरा होतोय,’ कानसेन म्हणाले. ‘उजवा गेला. उद्या सगळ्यांना कळेल.’

बायको काही बोलणार होती, पण सासूबाईंनी तिला हातानं थांबवलं.

‘जावईबापू, मला कमी ऐकू यायला लागलं ना, तेव्हा मी वर्षभर सांगत होते की हल्ली लोक पुटपुटतात. शेजारी पुटपुटतात, जावई पुटपुटतो, कुत्रीसुद्धा पुटपुटतात. तुमचे मॉनिटर पुटपुटायला लागले असतील. उठा, चपला घाला. माझे डॉक्टर स्वतःच्या घराच्या खालीच बसतात, ते रविवारी माणसाला परत पाठवत नाहीत.’

कानाच्या डॉक्टरांनी उजव्या कानात दिवा धरला आणि तो इकडून तिकडून फिरवून पाहिला.

‘काम काय करता?’

‘ऐकतो,’ कानसेन म्हणाले.

‘बरं,’ डॉक्टर म्हणाले. ‘हलू नका.’

त्यांनी बारीक चिमटा आत घातला. काहीतरी सरकलं, आणि मग जग परत आलं. भिंतीवरचं घड्याळ. डॉक्टरांच्या खुर्चीचं चाक. दोन खोल्यांपलीकडे कोणीतरी भांडं विसळत होतं. सासूबाई पिशवीची चेन लावत होत्या आणि ती चेन मधेच एका दाताला अडकली, तेसुद्धा. कानसेनांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. चिमट्याच्या टोकाला इवलंसं, छत्रीसारखं एक रबर होतं.

‘हे तुमचंच ना?’ डॉक्टरांनी विचारलं. ‘बरेच दिवस आत असावं. कळलं कसं नाही?’

कानसेनांनी रबराकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. डॉक्टरांनी ते धुऊन एका बाटलीत घालून दिलं.

घरी जाताना सासूबाईंनी बाटली मागून घेतली आणि उन्हात धरून नीट पाहिली. ‘पंधरा दिवस कानात होतं म्हणता? आणि पत्ता नाही? माझ्या मशीनचं रबर मेलं दुपारपर्यंत जीव नकोसा करतं. हे कुठे मिळतं हो?’ कानसेनांनी चालण्याचा वेग वाढवला. त्यांना आता कमी ऐकू येत नव्हतं, पण काही गोष्टी न ऐकलेल्या बऱ्या असं वाटत होतं.

गप्प बसणं सोपं होतं. कान परत आला होता. सोमवारी पेटीसमोर बसायचं, खोकला आला म्हणायचं, मधल्या दिवसांत सर्दी होती असं सांगायचं, झालं. बाटलीचं कोणाला कळायचं कारण नव्हतं. हा विचार त्यांनी घरी केला, जिन्यात केला, कारखान्याच्या दारापर्यंत केला.

सोमवारी सगळे जमले. कानसेनांनी एकेक संच कानात घातला, गाणं लावलं. सगळे श्वास घ्यायला थांबले, आणि उजवीकडे, मागे, भिंतीशी तो माणूस खोकला. त्यांना तो आजवर इतका आवडला नव्हता. ‘आला,’ ते म्हणाले. पुढचा. ‘आला.’ तिसऱ्यात डावी बाजू किंचित जड आहे म्हणाले, तर पेटीच्या पडद्यावरही रेघ तिथेच वर चढलेली. मालकांचा चेहरा खुलला. जोडणीवाले एकमेकांच्या पाठी थोपटू लागले. कोणीतरी चहा सांगितला.

खिडकीपाशी मात्र साचेताई एका खोक्यात साचे भरत होत्या. प्रत्येक साचा कागदात गुंडाळायचा, कोपरे दुमडायचे, ठेवायचा. बाहेरची रबरं त्याच आठवड्यात येणार होती. कागदाच्या घडीचा आवाज कानसेनांना इतक्या लांबून स्वच्छ ऐकू आला. कालपर्यंत तो आला नसता.

ते उठले, खिशातून बाटली काढली आणि साचेताईंच्या टेबलावर ठेवली.

‘तुमचं हरवलेलं रबर,’ ते म्हणाले. ‘माझ्या कानात होतं. त्या दिवसापासून. काल डॉक्टरांनी काढलं. संचांत काही दोष नव्हता, दोष इथे होता.’ त्यांनी उजव्या कानाला बोट लावलं. ‘आणि आमच्या सासूबाई विचारत होत्या की हे मिळतं कुठे.’

अख्खा मजला हसला. मालक पोट धरून खुर्चीत बसले. छापखान्यातून दोघंजण काय झालं म्हणून वर आले आणि त्यांना सांगताना सांगणाऱ्यालाच पुन्हा हसू फुटलं. कानसेन हसण्याच्या परीक्षेला बसल्यासारखे ताठ उभे होते.

साचेताई हसल्या नाहीत. त्यांनी रबर बाटलीतून तळहातावर घेतलं, नखानं उलटं केलं, कड फाटलीय का ते पाहिलं. फाटली नव्हती. मग मान वर करून त्यांनी विचारलं.

‘टोचलं का, दादा?’

हसणारे सगळे कानसेनांकडे वळले. कानसेनांचं तोंड सवयीनं उघडलं. ‘थोडं’ हा शब्द ओठांपर्यंत आला, आणि तिथेच थांबला.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘कळलंसुद्धा नाही, ताई.’

साचेताईंनी मान हलवली, खोक्यातला वरचा साचा उचलला आणि त्याचा कागद सोडायला घेतला.